तीन महिन्यांच्या फीत तीन तास: दादागिरीवर उतारा म्हणून कराटे क्लास

मुलाचा डबा कोणीतरी रोज हिसकावून खातंय, व्हॅनच्या मागच्या सीटवर त्याची मान दाबली जातेय, असं कळलं की पंधरा दिवसांत घरात पांढरा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, आणि पांढरा पट्टा येतो. सोसायटीचा हॉल, शाळेचं मैदान, मंगल कार्यालयाची गच्ची, जागा मिळेल तिथे कराटे क्लास चालतात आणि त्यांच्या पत्रकावर 'आत्मविश्वास' आणि 'आत्मसंरक्षण' हे दोन शब्द हमखास असतात. हे परीक्षण एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी आहे. त्याला पदक नकोय, पोराने त्रास देणाऱ्यासमोर उभं राहायला हवंय. खेळ म्हणून कराटे चांगलाच आहे, पण तो विषय वेगळा.

आधी हिशोब. शहरात अशा क्लासची फी साधारण महिना हजार ते दोन हजारांत असते. दीड हजार धरू. तीन महिन्यांचे 4500, गी हजाराच्या आसपास, पहिली बेल्ट परीक्षा 800. म्हणजे 6300 रुपये. आता वेळ. आठवड्याला तीन दिवस, रोज एक तास, तीन महिन्यांत 36 तास. त्या एका तासातली पहिली 15 मिनिटं धावणं आणि अंग मोकळं करणं. मग 20 मिनिटं किहोन, म्हणजे रांगेत उभं राहून हवेत ठोसे, अडवे (वार अडवण्याच्या हालचाली) आणि लाथा. मग 15 मिनिटं काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली. शेवटची 5 मिनिटं शिस्तीचे दोन शब्द, वाकून नमस्कार. राहतात 5 मिनिटं, ज्यात तुमचं मूल दुसऱ्या कोणाला तरी हात लावतं, कोणीतरी त्याचा हात धरतं. 36 वेळा 5 मिनिटं म्हणजे 180 मिनिटं. ज्या कामासाठी पैसे मोजले त्याचे तीन तास पदरात पडतात, तेही सरांनी तो वेळ स्पर्धेच्या तयारीत घालवला नाही तर.

बाकीचे 33 तास वाया गेले असं मात्र नाही. सगळ्यात मोठा फायदा पत्रकावर छापलेलाच नसतो. शाळेत 'ढोल्या' किंवा 'बावळट' म्हणून शिक्का बसलेल्या मुलाला इथे दुसरा गट मिळतो, आणि त्या गटाला ते टोपणनाव माहीत नसतं. सहावीतल्या मुलाच्या शेजारी तिसरीतला आणि दहावीतली मुलगी उभी असते, तिघं एकाच तालावर मोजतात. एकटं पडलेल्या मुलाला यातून जे मिळतं ते कुठल्याही लाथेपेक्षा जास्त टिकतं. म्हणून पहिला सल्ला हाच की शाळेतलीच मुलं ज्या क्लासला भरली आहेत तो क्लास घेऊ नका, मग तो घराच्या खाली का असेना. टोपणनाव तिथेही पोचतं.

आवाज

त्रास देणारं मूल बहुतेक वेळा मारामारी शोधत नसतं. त्याला प्रेक्षक आणि मजा हवी असते, आणि समोरचा गप्प बसेल किंवा रडेल याची खात्री हवी असते. ती खात्री मोडली की अर्धं काम झालं. ती मोडण्याचं हत्यार म्हणजे आवाज. आणि कराटेत आवाजाचं प्रशिक्षण आधीपासूनच आहे, त्याला कियाई म्हणतात. ठोशाच्या शेवटी पोट आवळून श्वास एकदम बाहेर टाकत केलेला तो आवाज. पण बहुतेक क्लासमध्ये चाळीस मुलं एकत्र 'हाऽय' ओरडतात आणि त्या गलक्यात ज्याचा आवाज निघायलाच हवा तो नुसते ओठ हलवतो. कोणाच्या लक्षातही येत नाही.

चांगल्या क्लासमध्ये मुलाला एकट्याने ओरडायला लावतात, आणि कियाईवर न थांबता शब्द म्हणायला लावतात. 'थांब.' 'हात सोड.' 'माझी वही दे.' दोन किंवा तीन शब्द, त्याहून जास्त नाही. सराव असा: मूल भिंतीपासून एक पाऊल पुढे उभं, समोर तीन मीटरवरून जोडीदार चालत येतो, हाताच्या अंतरावर आला की मुलाने बोलायचं. नजर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मध्ये, म्हणजे डोळ्यात बघण्याची भीती वाटत नाही आणि समोरच्याला मात्र रोखून बघितल्यासारखं वाटतं. दहा वेळा. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सरांना शब्द स्पष्ट ऐकू आला तरच मोजायचा.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मूल बोलताना हसतं. ते घाबरून येणारं हसू असतं, पण समोरच्याला वाटतं की यालाही मजा येतेय. दोन, वाक्याचा शेवट वर चढतो आणि 'थांब'चं 'थांब ना?' होतं. हा 'ना' काढायला कधीकधी दोन आठवडे लागतात. तीन, मूल प्रश्न विचारतं: 'का त्रास देतोस?' प्रश्न विचारला की उत्तर द्यायची संधी समोरच्याला मिळते, आणि उत्तर द्यायला तो नेहमी तयारच असतो. सांगायचं ते आज्ञार्थी आणि पूर्णविराम देऊन. आधी नाव घेतलं तर उत्तम, कारण कोणाचंही मोठ्याने नाव घेतलं की आजूबाजूचे वळून बघतात, आणि त्रास देणाऱ्याला ते नेमकं नको असतं.

नाव घेण्यात आपल्याकडे एक अडचण आहे. पाचवीतलं पोर आठवीतल्याला नावाने हाक मारत नाही, 'दादा' म्हणतं. बरेच सर इथे अडतात, मुलाला बळेच 'ए' म्हणायला लावतात, आणि मुलाच्या तोंडून ते उसनं येतं. गरज नाही. 'दादा, हात सोड' हे खणखणीत आवाजात म्हटलं तर अगदी चालतं. दादागिरी करणाऱ्याला दादा म्हणायला हरकत काय!

उभं राहण्याचंही तसंच. कराटेच्या पवित्र्यात मुठी वळलेल्या असतात. शाळेत तेच केलं तर लांबून बघणाऱ्या बाईंना दोन मुलं भांडायला तयार दिसतात आणि दोघांनाही शिक्षा होते. त्याऐवजी एक पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे सैल, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर समोरच्याकडे उघडे. चेहऱ्याचा बचावही होतो आणि 'मला नकोय' हे दुरूनही कळतं. शाळांमधल्या बऱ्याच सीसीटीव्हीत आवाज नसतो, चित्रच असतं. त्या चित्रात मूठ कोणाची होती आणि तळवा कोणाचा, यावर पुढचं बरंच ठरतं. सर हा पवित्रा शिकवत नसतील तर त्यांना सांगून पाहा. उडवून लावलं, तर ते स्पर्धेचे सर आहेत असं समजा.

धरलेला हात

हवेतले ठोसे बघून पालक खूश होतात, पण शाळेतल्या धुमश्चक्रीत ठोसा क्वचितच असतो. असतो तो धक्का, मनगट धरणं, कॉलर पकडणं, मागून दप्तर ओढणं, वेणी खेचणं, बगलेत मान दाबणं. क्लासची किंमत या सहा गोष्टींवरून ठरवा.

मनगटाचं उदाहरण घेऊ. हात धरला की मूल स्वतःकडे सरळ खेचतं. समोरच्याची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. सरळ खेचताना जोर चार बोटांशी लागतो आणि आपण हरतो. सुटका अंगठ्याच्या बाजूने असते. पंजा उघडा ठेवायचा, बोटं ताणलेली. मनगट असं फिरवायचं की त्याची अरुंद कड, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाड, पकडीतल्या फटीसमोर येईल. मग अर्धं पाऊल पुढे. मागे नाही, पुढे. कोपर समोरच्याच्या हाताकडे न्यायचं आणि फोन कानाला लावावा तसा हात वर झटकायचा. सुटला की दोन पावलं मागे, तळवे वर, 'हात लावू नको.' हात सुटायला एक सेकंदही लागत नाही.

बिघडतं ते इथे: पुढचं पाऊल टाकायला मूल तयार नसतं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाऊल टाकायचं हे अंगात भिनायला शंभरेक वेळा करावं लागतं, आणि पाच मिनिटांत दहा वेळाच होतं. दुसरं, क्लासमधला जोडीदार मैत्रीने धरतो, अलगद. सोडवण्याआधीच सोडतो. सरांनी पहिल्या आठवड्यात हलकी पकड, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात जोडीदार बदलून मोठ्या वजनाचा मुलगा, अशी पायरी ठेवली नसेल तर हे तंत्र वर्गाबाहेर चालत नाही. दोन्ही हातांनी एक मनगट धरलं तर वरची रीत अपुरी पडते. मग आपली मूठ वळायची, दुसरा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घालून आपलीच मूठ पकडायची आणि दोन्ही हातांनी वर ओढायचं.

गंमत म्हणजे हे कातामध्ये आधीपासून आहे. कराटेच्या शोतोकान शैलीत सुरुवातीलाच शिकवली जाणारी हेइआन शोदान ही 21 हालचालींची काता. तिची पहिलीच हालचाल ठोसा नाही, खाली मारलेला अडवा आहे. चौथ्या हालचालीत उजवी मूठ मागे ओढून, वरून गोल फिरवून हातोड्यासारखी खाली आणतात. ही मनगट सोडवण्याची हालचाल आहे, असा तिचा अर्थ लावतात. ट्रायलच्या दिवशी सरांना सहज विचारा, 'सर, ही चौथी हालचाल कशासाठी?' जे सर लगेच एका मुलाला बोलावून मनगट धरायला लावतात, त्यांच्याकडे नाव घाला. जे म्हणतात 'परीक्षेत येते', त्यांच्याकडे 15 मिनिटांची काता ही 15 मिनिटांची कवायतच आहे.

दप्तराचं तर फारच कमी ठिकाणी शिकवतात. मागून वरचा बंद धरून ओढलं की मूल सरळ पाठीवर पडतं, आणि डोकं आपटायची शक्यता सर्वांत जास्त इथेच असते. उपाय अगदी साधा आहे. दप्तर सोडून द्यायचं. एक खांदा खाली पाडून पट्टा घसरू द्यायचा, ओढ ज्या बाजूला आहे तिकडे वळायचं, दुसरा पट्टाही सुटतो. छातीवरचं बक्कल लावलेलं असेल तर हे जमत नाही, म्हणून जिन्यात आणि व्हॅनपाशी ते बक्कल लावू नये. मुलांना दप्तर सोडायला मात्र सांगावं लागतं, कारण घरी आपणच 'दप्तर सांभाळ, हरवलंस तर बघ' म्हणून बजावलेलं असतं.

वेणी धरली तर केस सोडवायला जायचं नाही. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा. त्याने ओढ थांबते, वेदना एकदम कमी होते आणि वळायला वेळ मिळतो. मुलींच्या बॅचमध्ये हे पहिल्या महिन्यात यायला हवं.

सरकारी शाळेतल्या मुलींसाठी एक फुकटचा पर्याय इथेच सांगून टाकू. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण नावाचा सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचा कार्यक्रम आहे. शाळेत तो चालू आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्यालाही हेच निकष लावा.

पडणं, आणि कबड्डी

कराटेची सगळ्यात मोठी उणीव पडण्यात आहे. जुदोत सुरुवातीलाच नीट पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात शरीराच्या बाजूला तिरके आपटून धक्का पसरवायचा. हनुवटी आत घेतली की डोक्याची मागची बाजू जमिनीला लागत नाही, सगळं त्यातच आलं. कराटे क्लासमध्ये हे शिकवायचं तर खाली मॅट हवी. उभ्याने सरावाला 20 मिलिमीटरची जोडमॅट पुरते, पडण्यासाठी 40 मिलिमीटरची बरी. पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर पडण्याचा सराव करून घेणारे सर दिसले तर मुलाला घेऊन घरी या.

म्हणून ढकलाढकली आणि मान दाबणं हाच मुख्य त्रास असेल तर जुदो किंवा कुस्ती जास्त कामाची. जवळ तालीम असेल आणि वस्ताद लहान पोरांना मातीत घेत असतील तर खर्चही फारसा नाही. आणि कबड्डीकडे कोणी या नजरेने बघतच नाही. चढाई करणारा मुलगा 'कबड्डी कबड्डी' म्हणत असतो, सात जण त्याला धरायला टपलेले असतात, पाय धरला जातो, कंबर धरली जाते, आणि तरीही त्याने दम सोडायचा नसतो. अंगाला कोणी भिडलेलं असताना आवाज चालू ठेवण्याचा याहून चांगला सराव कुठल्याच क्लासच्या अभ्यासक्रमात नाही, आणि तो शाळेच्या मैदानावर फुकट आहे. अडचण एकच. त्रास देणारा बऱ्याचदा त्याच संघात असतो.

कौलं आणि पट्टे

मे महिन्याच्या दहा दिवसांच्या 'सेल्फ डिफेन्स शिबिरां'बद्दल थोडक्यात: नको. दहा दिवसांतले शेवटचे चार समारोपाच्या तयारीत जातात. समारोपाला मुलं हाताने कौलं आणि फळ्या फोडतात, पालक रांगेत उभे राहून व्हिडिओ काढतात आणि अंगावर मूठभर मांस चढतं. फळी का फुटते तेही सांगतो. ती पातळ असते, सुकलेली असते, आधार फक्त दोन टोकांना असतो आणि तिच्या रेषा त्या दोन आधारांना समांतर लावलेल्या असतात. मधोमध जोर पडला की ती रेषेवर चिरते. धीर लागतो हे खरं, पण फळी पकडीत धरत नाही आणि टोपणनावही ठेवत नाही. शिवाय वाढीच्या वयात हाडांची टोकं मऊ असतात. दहा वर्षांच्या मुलाला मुठी टेकून जोर (पुश-अप) काढायला लावणं किंवा कडक वस्तूंवर ठोसे मारायला लावणं यात फायदा काहीच नाही, दुखापत मात्र आहे.

पट्ट्यांचंही तसंच. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा अशी चढण साधारण दर तीन-चार महिन्यांनी एक परीक्षा लावून चालते आणि प्रत्येक परीक्षेची वेगळी फी. रंगांचा क्रम शैलीप्रमाणे बदलतो, एका संघटनेचा पट्टा दुसरी मानेलच असं नाही. कराटे ऑलिम्पिकमध्ये होता, 2021 मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत, पण 2024 च्या पॅरिसमध्ये नव्हता. 'ऑलिम्पिक खेळ' एवढंच छापणारं पत्रक अर्धवट माहिती देतं. दहावीचे क्रीडागुणही पट्ट्यावर मिळत नाहीत, ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या सहभागावर मिळतात. आणि ज्या मुलाला त्रास होतोय त्याच्या बाबतीत पिवळा पट्टा एक नवीन अडचण आणतो. तो शाळेत कळला की 'चल, दाखव तुझं कराटे' सुरू होतं. चांगले सर पहिल्याच दिवशी बजावतात की क्लासबद्दल शाळेत बोलायचं नाही, आणि हे पालकांनाही बजावतात.

ज्या दिवशी पोर उभं राहतं

इथे क्लासचं काम संपतं आणि पालकाचं सुरू होतं. काही चांगले क्लास त्यासाठी पालकांची अर्ध्या तासाची बैठक घेतात. ती होते का, हे नाव घालण्याआधी विचारा. या परीक्षणात बैठकीला लाथांपेक्षा जास्त गुण आहेत.

कारण त्या संध्याकाळी घरात जे बोललं जातं त्यावरून मूल ठरवतं की आपण नक्की काय चांगलं केलं. मूल सांगतं, 'आज मी त्याला थांब म्हणालो.' बाबांचा पहिला प्रश्न येतो, 'मग? ठेवून दिलीस की नाही एक?' संपलं. मुलाला कळलं की बोलणं कमी पडलं, मारायला हवं होतं. पुढच्या वेळी तो मारतो, शाळेतून चिठ्ठी येते आणि ज्याला त्रास होत होता तोच आरोपी होतो.

अभिमान वाटू द्या, पण कौतुक नेमकं करा. 'शाब्बास, वाघ आहेस माझा' यातून मुलाला काहीच कळत नाही. 'तू नाव घेऊन मोठ्याने सांगितलंस, आणि मग बाथरूमकडे न जाता बाईंकडे गेलास, ते मला फार आवडलं' यातून दोन गोष्टी कळतात, आणि दोन्ही परत करता येण्यासारख्या आहेत. घाबरलास का, असं विचारलंत तर 'हो' म्हणायची मोकळीक ठेवा. हातपाय थरथरत असताना बोलला असेल तर ते जास्त मोठं. आणि जो उभा राहू शकला नाही त्याचंही त्या दिवशी काही बिघडलेलं नसतं. चौघांच्या घोळक्यासमोर गप्प बसून निघून जाणं हा बरोबर निर्णय असतो, क्लासमध्ये तसं शिकवलेलंच असायला हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस ठेवू नका. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपमध्ये समोरच्याची आईही असते. तुमची 'माझ्या लेकीने आज दाखवून दिलं' ही ओळ रात्री त्या घरात वाचली जाते, आणि सकाळी लेक एकटी व्हॅनमध्ये चढते. आत्याला, मामाला फोन करून सांगायचं ते मुलासमोर सांगू नका. सातव्यांदा ऐकेपर्यंत मुलाच्याही डोक्यात प्रसंग फुगलेला असतो.

त्याऐवजी एक वही घ्या. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, कोणी बघितलं, कोणत्या शिक्षकांना सांगितलं. दहा ओळी. शाळेत लेखी अर्ज द्यायची वेळ आली तर हीच वही कामाला येते, आणि मुलालाही कळतं की आपलं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय.

हात उचलला गेलाच तर? पालक हा प्रश्न विचारतातच. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या, म्हणजे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करण्याच्या, हक्काची आहेत, आणि त्यातलं 37 वं सांगतं की बचावापुरती गरज असेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क नाही. मुलांच्या भाषेत: हात सुटला की थांबायचं. पडलेल्याला लाथ मारली तर तो बचाव राहत नाही. हे वाक्य सरांच्या तोंडी नसेल तर ती मोठी उणीव.

क्लासच्या पलीकडचं

बारा-तेरा वर्षांपुढे त्रासाची जागा बदलते. ग्रुपमधून काढून टाकणं, फोटोवर शेरे, शरीरावरून आणि पाळीवरून बोलणं, जातीवरून टोमणे. यावर कुठलाही पवित्रा चालत नाही आणि जो क्लास 'यावरही आत्मविश्वास हाच उपाय' म्हणतो तो फक्त फी गोळा करतोय. स्क्रीनशॉट ठेवा, वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. महाराष्ट्रातल्या शाळांना सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि तक्रारपेटी ठेवायला शासनाने सांगितलेलं आहे. ती पेटी कुठे आहे हे मुलाला माहीत आहे का, एवढं आज रात्री विचारून बघा.

शाळा दाद देत नसेल किंवा घरात सांगायची सोय नसेल तर 1098. मुंबईत 1996 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही मुलांची हेल्पलाइन आता केंद्राच्या महिला व बालविकास खात्याकडे आहे आणि 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. चोवीस तास, फुकट. मुलांना तो 'एक हजार अठ्ठ्याण्णव' असा शिकवू नका, लक्षात राहत नाही. दहा-नऊ-आठ, उलटी मोजणी.

आता ट्रायलच्या आठवड्याबद्दल. बहुतेक क्लास एक-दोन दिवस फुकट बसू देतात, तीन मागा. पहिल्या दिवशी मुलं मोजा. एका सरांमागे पंधरा ते वीस ठीक, चाळीस असतील तर तो पीटीचा तास. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून जोडीने सराव किती मिनिटं चालतो ते बघा. दहापेक्षा कमी असेल तर सरांशी बोला, पंधरा असेल तर वर मांडलेला तीन तासांचा हिशोब नऊ तासांवर जातो आणि मग फी वसूल आहे. तिसऱ्या दिवशी सगळ्यात मागे उभ्या असलेल्या, आवाज न निघणाऱ्या मुलाकडे बघा. सर त्याच्यापर्यंत जातात का? त्याला सगळ्यांसमोर 'अरे, मुलीसारखा काय बोलतोस' म्हणतात का? म्हणत असतील तर शाळेत जे चाललंय तेच इथे गी घालून चाललंय.

सात वर्षांखालच्या मुलाला यातलं काहीही लावू नका, खेळू द्या. आठ ते अकरा हे वय सर्वांत चांगलं. गी एक नंबर मोठा घ्या, सुती असेल तर धुतल्यावर आखूड होतो. तीन महिन्यांची फी एकदम भरल्यावर सवलत मिळते, तरी पहिला महिना सुटाच भरा, आणि परत मिळणार नाही असं पावतीवर छापलेलं असेल तर भरण्याआधी वाचा. परीक्षेची तारीख पुढे ढकलता येते का तेही विचारून ठेवा. पहिल्या परीक्षेला न बसता आणखी तीन महिने पांढरा पट्टाच राहू दे, असं स्वतःहून सुचवणारे सर भेटले तर त्यांचा क्लास लांब असला तरी बस बदलून जा.